तांब्याची इस्तरी

नमस्कार श्रोतेहो. वैशाखातली लगीनसराई, त्यात लोडशेडिंग, आणि नेमका घालायचा झब्बा चुरगळलेला. आपल्या खानदेशात हे कुणाच्या घरी घडलं नाही? म्हणून आज विजेशिवाय सुरकुत्या कशा काढायच्या, त्याबद्दल बोलू.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. सुरकुती मोडते ती ओलीत. सुती कापडाला ओल मिळाली की तंतू सैल पडतात, आणि वाळताना जसे असतील तसेच बसतात. तेव्हा कापड ओलं असतानाच ताणायचं.

माझ्या मामाच्या लग्नातली गोष्ट ऐका. वऱ्हाड अमळनेरहून निघून, तापी ओलांडून चोपडा तालुक्यातल्या एका गावी गेलं होतं. एसटीत नवरदेवाचा झब्बा पिशवीच्या तळाशी आणि त्यावर फराळाचे डबे! जानोशात पिशवी उघडली तर पाठीवर नुसतं घड्यांचं जाळं. लाईट गेलेली, गावात इस्तरीवाला नाही, मामा बनियनवर बसलेला, मावशी रडकुंडीला आलेली. आजी मात्र शांत. म्हणाली, "इस्तरी नही ते काय व्हयनं? तांब्या शे ना घरमा!"

यजमानांकडून तिने पितळी तांब्या मागून घेतला. बूड राखेने घासलं, धुतलं, फडक्याने कोरडं केलं. पाणी पातेल्यात उकळून मग तांब्यात ओतलं, म्हणजे बुडाला काजळी लागत नाही. गोधडीवर झब्बा अंथरला, पाण्याचा हात मारला, वर जुन्या धोतराचं पातळ फडकं टाकलं. झब्ब्याचं खालचं टोक मी दोन्ही हातांनी ओढून धरलं. आजीने पंचाने तांब्याची मान धरली आणि शिवणीपासून सुरुवात करून बूड सावकाश दाबत नेलं. पाणी कोमट झालं की ओतायचं, पुन्हा उकळतं भरायचं. झाल्यावर झब्बा खुंटीला टांगला; मामा घाई करत होता, पण पुरता थंड होईपर्यंत तिने हात लावू दिला नाही. गरम कापड अंगात घातलं की लगेच मोडतं. कॉलरीवरची एक घडी राहिलीच, ती हाराखाली झाकली गेली.

अशी पितळी भांडी आपण मोडीत घालून स्टील आणलं, याचं मला फार वाईट वाटतं. पितळ उष्णता भराभर पुढे देतं, स्टीलला ते जमत नाही.

आणखी एक. सुती कापडासाठी विजेची इस्तरी 200 अंशांपर्यंत तापते, उकळतं पाणी 100 च्या वर जात नाही. त्यामुळे तांब्याने कापड करपत नाही. रेशमावर मात्र पाण्याचे डाग पडतात. तिथे पाण्याचा हात मारू नका, वर कोरडं फडकं घाला.

रोजच्या कपड्यांना तर तांब्याचीही गरज नाही. पिळा कमी, झटका जोरात, शिवणी ओढून हँगरला लावा. मशीनमध्ये धुऊन झालेले कपडे तसेच पडू देऊ नका. किंचित दमट असताना घडी घालून रात्रभर गादीखाली ठेवली तरी चालतं, पण सकाळी उन्हात धरा, नाहीतर कुबट वास येतो. पुन्हा सांगते, ओलं असतानाच ताणायचं. मे महिन्यात आपल्याकडे कापड वाळायला वेळ लागत नाही, तेव्हा दोरीपाशी उभं राहूनच हे उरकून घ्या.