आयफेलमधले ज्वालामुखी बघायचे तर खाली बघा

(दृश्य: पहाटेचं धुकं, हिरवी कुरणं आणि मधोमध एकदम गोल तळं)

नमस्कार मंडळी. हे स्क्रीनवर दिसतंय ना, हे शांत गोल तळं, हे एका ज्वालामुखीचं तोंड आहे. हो, जर्मनीत. आपण आलोय आयफेलमध्ये, म्हणजे जर्मनीच्या पश्चिमेला, बेल्जियमच्या बॉर्डरजवळचा डोंगराळ भाग, छोटी छोटी गावं, गाई, जंगल, आणि मे महिन्यात उतारांवर पिवळ्याधमक फुलांची झुडपं, ज्यांना इथले लोक 'आयफेलचं सोनं' म्हणतात. मी कोलोनमध्ये राहतो, इथून गाडीनं दीडेक तास. आई सांगलीहून आली होती, तिला म्हटलं चल, ज्वालामुखी दाखवतो, आणि ती बिचारी पूर्ण रस्ताभर खिडकीतून डोंगर शोधत होती. टोकदार, धूर सोडणारा. तसा इथे एकही नाही.

इथले बरेच ज्वालामुखी म्हणजे खड्डे. जमिनीखालून वर येणारा तापलेला रस वाटेत भूजलाला भिडला, पाण्याची क्षणात वाफ झाली आणि एवढा मोठा स्फोट झाला की वरचा खडक चुरा होऊन उडाला, मग पोकळी ढासळली आणि राहिलं ते नरसाळ्यासारखं भोक. पुढे त्यात पाणी साचलं. अशा खड्ड्याला इथल्या बोलीत 'मार' म्हणतात, लॅटिनमधल्या समुद्राच्या शब्दावरून आलेला. 1819 साली ट्रिअर शहरातल्या योहान श्टाइनिंगर नावाच्या शिक्षकानं हा गावठी शब्द शास्त्रात आणला आणि आता जगात कुठेही असा खड्डा सापडला तरी भूगर्भशास्त्रज्ञ त्याला मारच म्हणतात. मला ही गोष्ट फार आवडते, शेतकऱ्यांच्या तोंडचा शब्द सगळ्या जगानं जसाच्या तसा घेतला.

आई लोणारला जाऊन आलेली आहे, त्यामुळे तिचा पहिला प्रश्न, "इथे पण उल्का पडली का रे?" प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण दिसायला दोन्ही सारखंच, गोल कडा आणि आत पाणी. गंमत म्हणजे लोणारलासुद्धा आधी बरेच जण ज्वालामुखीच समजायचे, भोवती सगळा काळा बसाल्ट ना. तिकडे घाव वरून बसला, इकडे खालून. आणि दोन्हीकडच्या ज्वालामुखींच्या वयाचा फरक तर विचारूच नका. आपल्या सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि इथून जवळच उल्मेन गावात जो मार आहे तो जेमतेम 11 हजार वर्षांचा, जर्मनीतला सगळ्यात तरुण ज्वालामुखी. तेव्हा इथे माणसं होती, शिकार करत फिरत होती.

(दृश्य: कड्यावरचं पांढरं चॅपल, खाली पाणी)

डाउन नावाच्या गावाजवळ असे तीन मार अगदी शेजारी शेजारी आहेत. गेम्युंडनच्या तळ्यात उन्हाळ्यात लोक पोहतात, शाल्केनमेरनच्या तळ्याकाठी अख्खं गाव वसलंय, आणि मधलं हे वाइनफेल्डचं. ह्याला टोटनमार पण म्हणतात, म्हणजे मेलेल्यांचा मार. काठावर वाइनफेल्ड नावाचं गाव होतं, सोळाव्या शतकात प्लेगनं ते ओस पडलं, घरं गेली, राहिलं एवढं चॅपल आणि कब्रस्तान. शाल्केनमेरनची माणसं आजही आपल्या माणसांना इथेच आणून पुरतात. आम्ही गेलो तेव्हा एक आजी कबरीवरच्या फुलांना झारीनं पाणी घालत होत्या, खाली 51 मीटर खोल पाणी, वर भारद्वाजासारखा कसलासा पक्षी ओरडत होता आणि बाकी काहीच आवाज नाही. शाल्केनमेरनचं तळं इथून एका अरुंद कड्याच्या पलीकडे, पण त्याचं पाणी साठेक मीटर खाली आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, शेजारी असून.

तळ्यांच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक पातळ थर बसतो, एक वर्ष एक थर, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा. होल्त्समार आणि मेअरफेल्डरमार ह्या दोन तळ्यांतून शास्त्रज्ञांनी हे थर नळीनं उपसून काढले आणि हजारो वर्षांचं हवामान मोजलं. म्हणजे हे पाणी वह्या लिहितंय.

श्ट्रोन गावात रस्त्याकडेला एक काळा गोळा ठेवलाय, पाच मीटर रुंद, 120 टन वजन. 'लाव्हा बॉम्ब' म्हणतात त्याला. तोंडातून उडायचा, परत आत पडायचा, चिकट लाव्हा अंगावर घ्यायचा, असं करत करत एवढा झाला. फोटो काढा आणि पुढे चला.

वालेनबॉर्नला मात्र वेळ काढून या. गावाच्या मधोमध एक दगडी हौद आहे, भोवती बाकडी. आम्ही पोचलो तर पाणी शांत. साधारण 35 मिनिटांनी एकदा हा झरा उसळतो, म्हणून लोक निवांत बसलेले, कुणी सँडविच खातंय, एक लहान मुलगी हौदाला कान लावून बसलेली. आणि मग आधी पोटात गुरगुरल्यासारखा आवाज, दोनचार बुडबुडे, सडक्या अंड्यासारखा वास, आणि बघता बघता पाणी माणसापेक्षा उंच उसळायला लागलं. गावकरी ह्याला लाडानं 'ब्रुबेल' म्हणतात. पाणी थंडगार आहे बरं का. उकळून नाही, गॅसनं उडतंय. खाली खोलवर अजून गरम रस आहे, त्यातून कार्बन डायऑक्साइड झिरपत वर येतो, पाण्यात साठतो, आणि सोड्याची बाटली हलवून उघडावी तसं होतं. आयफेलचं बाटलीबंद पाणी जर्मनीभर प्यायलं जातं, त्यातल्या बुडबुड्यांचं मूळही हेच.

(दृश्य: जंगलातली पायवाट, हिरवं शेवाळ, पाण्याचा पडदा)

आता माझी सगळ्यात आवडती जागा, नोन गावाजवळचा द्रायम्युलनचा धबधबा. आंबोली, ठोसेघर बघितलेल्या माणसाला उंची काहीच वाटणार नाही. पण हा धबधबा वाढतो. म्हणजे खरंच वाढतो! 1912 मध्ये इथे रेल्वेचं काम चाललं होतं, तेव्हा तीन झऱ्यांचं पाणी एकत्र वळवून ह्या उतारावर सोडलं. त्या पाण्यात चुनखडी विरघळलेली. पाणी उघड्यावर आलं की त्यातला गॅस उडतो आणि चुना शेवाळावर बसतो, शेवाळ खालून दगड होतं आणि वरून परत हिरवं फुटतं, त्याच्यावर परत चुना. शंभर-सव्वाशे वर्षांत शेवाळाचं एक छप्परच पुढे आलंय आणि त्याच्या कडेवरून पाणी झिरमिळ्यांसारखं पडतं. रेल्वे कधीच बंद झाली. धबधब्याचं बांधकाम चालूच आहे.

शेजारी एक हिरव्या काठाची तिकोनी पाटी आहे, तिच्यावर गरुड. ही पाटी म्हणजे 'नाटूरडेंकमाल', निसर्गाचं स्मारक. जर्मन कायद्यात ही वेगळी सोय आहे, मोठं अभयारण्य वगैरे नाही, एकच झाड, एकच खडक, एकच झरा, जास्तीत जास्त पाच हेक्टर जागा, तिला कायद्याचं संरक्षण. मला ह्याचं फार अप्रूप वाटतं. त्या शेवाळावर पाय ठेवला तर कित्येक वर्षांचं काम एका पावलात मोडेल, म्हणून प्लीज, आलात तर वाट सोडू नका, सेल्फीसाठी तर अजिबातच नाही.

दुसऱ्या दिवशी मेंडिश. इथे घरांखाली 32 मीटर खोल लाव्हाचं तळघर आहे, अंगात जॅकेट हवंच. गोठलेल्या लाव्ह्यातून जात्याचे दगड कोरून काढता काढता ह्या दालनांसारख्या पोकळ्या झाल्या, नंतर गारव्यामुळे बिअरवाले आले, एका वेळी 28 ब्रुअरीज होत्या ह्या एवढ्याशा गावात, मग थंडाव्याची मशीन निघाली आणि ते गेले. आता ह्या खाणींमध्ये वटवाघळं हिवाळा काढतात, हजारोंनी.

आईला बिअरचं काही नव्हतं. ती जात्याच्या दगडापाशी थांबली आणि तळहात फिरवत राहिली. "ह्याला टाकी लावायला लागत नसणार," म्हणाली. गाइडला विचारलं तर बरंचसं खरंच! ह्या दगडात गॅसचे बारीक बारीक पोकळ फुगे आहेत, दगड झिजला की नवीन फुगा उघडा पडतो, त्यामुळे तो खरखरीतच राहतो. आमच्या घरचं जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणारी बाई दारात यायची, आईला तिचा छिन्नीचा आवाज आठवला. तोही बसाल्ट, हाही बसाल्ट. रोमन लोकांच्याही आधीपासून इथल्या जात्यांचे दगड लांब लांब जायचे, ऱ्हाइन नदीतून बोटींनी.

(दृश्य: मोठं तळं, संध्याकाळ)

शेवटी लाखर झे नावाचं मोठं तळं. हे मार नाही, हा जवळपास 13 हजार वर्षांपूर्वी फुटलेला फार मोठा ज्वालामुखी, ज्याची राख स्वीडनपासून उत्तर इटलीपर्यंत सापडते. काठावर मारिया लाखचा मठ, 1093 मध्ये सुरू झालेला, त्याच्या घंटा वाजत होत्या. पूर्वेच्या काठानं चालत गेलं की पाण्यात एका जागी बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतात, खालचाच गॅस, अखंड. आई चप्पल काढून खडकावर बसली, बराच वेळ बघत होती.

"चहाचं आधण उकळायच्या आधी असेच येतात बघ," म्हणाली, आणि तिनं पाण्यात हात घातला. पाणी एकदम गार होतं.