पोळी बंद केली, पण गिरणीचं काय?

(सीलिॲकचं निदान नुकतंच झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सीलिॲकचा रिपोर्ट हातात पडला आणि डॉक्टर म्हणाले, ‘गहू आयुष्यभर बंद’, की घरात पहिला प्रश्न उठतो : मग खायचं काय? पंजाब-हरियाणात हा प्रश्न खरोखर बिकट आहे, कारण तिथं सकाळ-संध्याकाळ गहूच. आपल्याकडे त्याचं उत्तर फडताळातच असतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी, मका. यातल्या एकाही धान्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं त्रास देणारं प्रथिन, नाही. सोलापूरकडे, मराठवाड्यात पोळी सणावारीच व्हायची, कोकणात तर भाताचंच राज्य. त्यामुळे आज मला ‘खायचं काय’ यावर फार बोलायचं नाही. ज्वारीच्या भाकरीत गहू येतो कुठून, यावर बोलायचं आहे. पोळी सोडूनही सहा-सहा महिने रक्ताचा रिपोर्ट खाली येत नाही, त्याचं कारण बहुतेकदा तिथं सापडतं.

आधी थोडक्यात आजार. कणीक मळली, घटकाभर मुरू दिली आणि पाण्याखाली धरून धुतली, तर स्टार्च वाहून जातो आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तो ग्लूटेन. पोळी ताणली जाते, पाव फुगतो तो त्याच्यामुळे. सीलिॲकमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती या प्रथिनावर चिडते आणि लहान आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांवर, म्हणजे विलायवर, हल्ला करते. ते झिजून सपाट झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून जुलाब, पोटफुगी. पण कित्येकांना पोटाची काहीच तक्रार नसते, फक्त गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, खुंटलेली उंची किंवा ठिसूळ हाडं असतात. गव्हाचा हा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिला. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं उलट सुधारली. १९५०मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधी केळ्यांपासून कशाकशाचे पथ्य सांगितले जात होते.

वर्ज्य धान्यं तीन : गहू, जव आणि युरोपात पिकणारं राय. आपली मोहरी म्हणजे राई वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही. गव्हात सगळे गहू आले. खपली गहू ‘जुना’, ‘पचायला हलका’ म्हणून बरेच जण मुद्दाम आणतात. तोही गहूच आहे, त्यातही ग्लूटेन आहे. रवा, मैदा, दलिया, शेवया, गव्हाच्या चिकाची कुरडई, गव्हांकुरांचा रस, सगळं बंद. सातूचं पीठ आपल्याकडे गहू आणि डाळं भाजून करतात, काही भागांत सातू म्हणजे जव. दोन्ही अर्थांनी ते नको. ओट्स मुळात चालण्यासारखे, पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हात मिसळलेले असतात. पहिलं वर्ष तरी त्यांना हात लावू नका. आणि ‘मल्टिग्रेन’ आटा म्हणजे बहुतांशी गहूच.

आता आकडे, कारण ते एकदा डोक्यात बसले की घरातले निम्मे वाद मिटतात. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात एका किलोत जास्तीत जास्त २० मिलीग्रॅम ग्लूटेन चालतं, हे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचंही मानक आहे आणि आंतरराष्ट्रीयही. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लूटेन धरा. पाव चमचा कणीक म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या थोडी वर, त्यात साठेक मिलीग्रॅम ग्लूटेन. एक किलो ज्वारीच्या पिठात पाव चमचा कणीक मिसळली, तर मर्यादेच्या तिप्पट झालं. दिवसाला १० मिलीग्रॅमपर्यंत बहुतेक रुग्णांना सोसतं. रोज ५० मिलीग्रॅम तीन महिने पोटात गेलं तर आतड्याला इजा होते, हे तपासून पाहिलेलं आहे. एका पोळीत ३० ग्रॅम कणीक धरली तर ३,००० मिलीग्रॅम ग्लूटेन होतं. म्हणजे ५० मिलीग्रॅम हा पोळीचा साठावा भाग. ‘एवढ्याशा तुकड्याने काय होतंय’ असं कुणी म्हणालं, की हा साठावा भाग सांगा.

आणि म्हणून गिरणी. सकाळपासून दहा घरांचा गहू दळलेल्या जात्याच्या पाळूंमध्ये, वरच्या पेटीत, पीठ पडतं त्या कापडी नळीत पाव चमचा नाही, मूठभर कणीक बसलेली असते. त्यावर तुमची ज्वारी पडते. ‘आधी थोडे तांदूळ दळून मग आमचं दळा’ हा उपाय लोक करतात. त्याने प्रमाण कमी होतं, पण किती कमी झालं ते कुणालाच कळत नाही, आणि हवेत उडणारा पिठाचा धुरळा राहतोच. यावर खात्रीचा मार्ग एकच : घरघंटी, आणि तीही कधीच गहू न पाहिलेली. जुनी वापरातली घेऊ नका. तिचे कानेकोपरे साफ होत नाहीत. पहिल्या महिन्यात एकच मोठा खर्च करायचा असेल, तर महागड्या ग्लूटेनमुक्त बिस्किटांऐवजी तो इथं करा. तोवर मिक्सरवर थोडं थोडं दळून बारीक चाळणीने चाळता येतं. नाहीतर ग्लूटेनमुक्त असं स्पष्ट लिहिलेलं पाकीटबंद पीठ आणा. नुसतं ‘शुद्ध ज्वारी पीठ’ हे शब्द पुरेसे नाहीत.

दळण्याआधी निवडणं. सुट्या पोत्यातली ज्वारी घेऊ नका, कारण शेजारच्या गव्हाच्या पोत्यातलं माप त्यात फिरतं. बंद पिशवी आणा, ताटात पातळ पसरा आणि दोनदा निवडा. ज्वारीत गव्हाचा दाणा लगेच दिसतो. मग दोन पाण्यांनी धुऊन, कडकडीत वाळवून दळा. दाणा ओलसर राहिला तर पीठ आठवड्यात कडवटतं. बेसनाला हाच नियम : हरभरा डाळ आणून घरी दळलेलं बरं.

दुसरा छुपा गहू फोडणीत आहे. दुकानातला डबीतला हिंग म्हणजे बांधानी हिंग, त्यात मूळ हिंग थोडा आणि बाकी डिंक आणि पीठ. ते पीठ बहुतेकदा गव्हाचं असतं. चिमूटभर हिंगात दशांश ग्रॅम मैदा धरला तरी १० मिलीग्रॅम ग्लूटेन झालं, म्हणजे दिवसाचा सगळा वाटा फोडणीतच संपला. तेलात तडतडल्याने ग्लूटेन जळून जात नाही. डबीवरचे घटक वाचा. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही मिळतो. किंवा शुद्ध खडा हिंग आणा, चमचाभर तुपात मंद आचेवर फुलवा, गार झाल्यावर खलबत्त्यात कुटा. तो फार उग्र असतो, नेहमीच्या चतुर्थांश पुरतो. हिंग कळला की पुढची साखळी आपोआप दिसते : लोणचं, पापड, सांबार मसाला, तयार चिवडा, मसाला ताक. हॉटेलातली इडली बिनगव्हाची, पण सांबाराचा भरवसा नाही.

तिसरी जागा भाजणी. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, मेतकुटातही. चकलीच्या भाजणीत सहसा नसतो, पण ती गिरणीतूनच येते. गव्हाशिवाय थालीपीठ तुटतं अशी तक्रार असते, कारण बांधून ठेवणारा गहूच गेला. त्याची जागा उडदाने भरायची. ज्वारी २ वाट्या, बाजरी २ वाट्या, तांदूळ १ वाटी, हरभरा डाळ १ वाटी, उडीद डाळ पाऊण वाटी, धणे अर्धी वाटी, जिरे २ चमचे. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा खमंग भाजा, कारण डाळ तांबूस व्हायला लागतो तेवढ्या वेळात धणे करपतात. उडदाच्या चिकटपणाने थालीपीठ धरून राहतं, आणि किसलेला दुधी घातला तर डब्यातही मऊ राहतं.

स्वयंपाकघरात भांड्यांचा नियम सोपा आहे : घासून गुळगुळीत स्वच्छ होतं ते चालेल, छिद्रांत-खाचांत पीठ धरतं ते नवीन घ्या. स्टीलची पातेली, कुकर, परात चालतात. लाकडी पोळपाट-लाटणं, काठवट, पिठाची चाळणी, लोखंडी तवा आणि झारा वेगळे हवेत, आणि चाळणी तर कधीच उधार द्यायची नाही. घरात इतरांच्या पोळ्या होणार असतील तर भाकरी आधी, पोळ्या नंतर, कारण कणकेचा धुरळा ओट्यावर बराच वेळ बसत राहतो. तूप, लोणी, लोणचं यांच्या बरण्या वेगळ्या. पोळीला लावलेला चमचा परत बरणीत जातो. दिवाळीत शंकरपाळे तळलेल्या तेलात चकली तळायची नाही.

आता भाकरी, कारण शहरातल्या पुष्कळ घरांत ती थापणारे हातच उरलेले नाहीत, आणि दोनदा मोडली की माणूस नुसत्या भातावर येतो. ज्वारीत ग्लूटेन नाही, म्हणून पीठ नुसतं मळून चिकटत नाही. स्टार्च शिजवून त्याला चिकट करावं लागतं. पाणी कोमट असून भागत नाही, खळखळतं हवं. १ वाटी पाण्याला उकळी आणा, मीठ घाला, १ वाटी पीठ टाकून उलथन्याच्या टोकाने ढवळा, गॅस बंद करून १० मिनिटं झाका. मग पाण्याचा हात लावत, तळव्याच्या टाचेने ५ मिनिटं तरी रगडून मळा. भाकरीच्या कडा चिरतात त्या बहुतेक कमी मळल्यामुळे. गोळा एकेकाच भाकरीचा मळून घ्या, बाकीचा झाकून ठेवा. परातीत खाली कोरडं पीठ भुरभुरून थापा. तवा चांगला तापलेला असावा. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाकून लगेच सगळीकडे पाणी फिरवा. पाणी सुकत आलं, पण पुरतं सुकलं नाही, अशा क्षणी उलटा. उशीर झाला तर वरचा पापुद्रा तडकतो, वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू आचेवर धरा.

एवढं करूनही तुटत असेल, तर पिठाची विरी गेली आहे. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांचंच दळावं, बाजरीचं त्याहून कमी, कारण बाजरीत तेल जास्त आणि ती लवकर कडवट होते. शिकाऊ हातांनी वाटीभर पिठात चमचाभर इसबगोलाचा भुसा मिसळावा. गोळा ताणायला सोपा जातो आणि लाटणंही चालतं. डब्यासाठी ज्वारीपेक्षा तांदळाच्या उकडीची भाकरी किंवा नाचणीचे डोसे बरे, गार झाल्यावर वातड होत नाहीत.

प्रसादाचा प्रश्न नाजूक आहे. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो आणि नाही म्हणणं जिवावर येतं. आपल्या घरी असेल तर तोच शिरा सव्वाच्या मापाने वरीचा करा. दुसऱ्यांकडे तीर्थ, पंचामृत आणि फळं घ्या, आणि यजमानांना आदल्या दिवशी फोन करून सांगा. ऐन पंगतीत सांगितलं तर त्यांनाही ओशाळवाणं होतं. सणाला पुरणपोळीऐवजी तांदळाच्या उकडीत पुरण भरून मोदक करता येतात. अनारसे मूळचेच तांदळाचे. लहान मुलांच्या बाबतीत मात्र समारंभाला निघताना डबा बरोबर हवाच. भुकेलं पोर ताटात येईल ते खातं, त्यात त्याचा दोष नाही.

पहिल्या महिन्यांत दुधाने पोट बिघडू शकतं. दुधातली साखर पचवणारं विकर त्या झिजलेल्या विलायच्या टोकांवरच तयार होतं. दही-ताक सहसा सोसतं. आतडं भरून आलं की दूधही चालू लागतं. दुसरी चूक अशी, की गव्हाची जागा पांढरा भात, साबुदाणा आणि बटाटा घेतात. मग बद्धकोष्ठ होतं आणि लोह-कॅल्शियम जिथल्या तिथं राहतं. नाचणी दिवसातून एकदा तरी पोटात जाऊ द्या. १०० ग्रॅममध्ये ३०० मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. निदानाच्या वेळी यातलं काही ना काही कमी असतंच असं समजून चाला.

टीटीजी-आयजीए ही या आजारातल्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा करायची. पथ्य नीट असेल तर आकडा खाली येत असतो. मोठ्यांचं आतडं पूर्ण भरायला दोन वर्षंही लागतात, म्हणून बरं वाटू लागलं तरी पथ्य ढिलं सोडायचं नाही. आकडा अडला असेल तर हिंगाची डबी, पिठाची जागा, बाहेरचं खाणं, दुधात घालायची माल्टची, म्हणजे जवाची, पावडर आणि रोजची औषधं, या क्रमाने शोधा. गोळ्यांत स्टार्च कशाचा आहे, ते औषधवाल्याला विचारा.

शेवटचं, घरच्यांसाठी. आई-वडील, भावंडं, मुलं यांतल्या साधारण दहातल्या एकाला हा आजार असू शकतो, तोही कसलाही त्रास नसताना. त्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, पण त्यांनी तपासणी होईपर्यंत गहू खात राहायचं. ‘घरात एकाला बंद, तर आपणही सोडू’ म्हणून आधीच पोळी सोडली, तर रक्तातल्या प्रतिपिंडांचा आकडा खाली जातो, आतड्याचा तुकडा तपासण्याची बायोप्सीही बरी दिसते आणि असलेला आजार नाही असं उत्तर येतं. पुन्हा तपासायचं तर त्यांना कित्येक आठवडे रोज गहू खावा लागतो. म्हणून आधी रक्त द्या, मगच डबे बदला.