काडतुसामागे पाच सेंट

[दृश्य: काउंटरवर काडतुसांचे खोके, बिलावरची कराची ओळ जवळून]

अमेरिकेतल्या सिएटल शहरात 1 जानेवारी 2016 पासून दुकानदारानं बंदूक किंवा पिस्तूल विकलं, की नगामागे 25 डॉलर शहराच्या तिजोरीत जातात. काडतुसांचा दर वेगळा: गोळीचा व्यास पॉइंट टू-टू (0.22 इंच) किंवा त्याहून लहान असेल तर काडतुसामागे 2 सेंट, बाकी सगळ्यांना 5 सेंट. नाइन एमएम (9 मिलिमीटर) काडतुसांच्या 50 च्या खोक्यावर अडीच डॉलर, 1000 च्या पेटीवर 50 डॉलर.

हा कर किमतीवर नाही, नगावर आहे. खरी गोम इथेच आहे. समजा सरावाचा 50 चा खोका 15 डॉलरला मिळतो. त्यावर अडीच डॉलर म्हणजे जवळपास 17 टक्के. शिकारीच्या भारी काडतुसांचा 20 चा खोका 50 डॉलरचा धरला, तर कर 1 डॉलर, म्हणजे 2 टक्के. स्वस्त माल घेणाऱ्याला, नियमित सराव करणाऱ्याला जास्त चटका बसतो. शिवाय कारखान्यातून माल निघतानाच केंद्राचा कर किमतीत मिसळलेला असतो: पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर 10 टक्के, लांब बंदुका आणि काडतुसांवर 11 टक्के. त्यावर विक्रीकर, आणि मग शहराचा हा कर.

[दृश्य: न्यायालयाची इमारत]

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना मिळाला तरच शस्त्र बाळगता येतं. अमेरिकेत मात्र तो घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीनं दिलेला हक्क आहे. मग हक्काच्या वस्तूवर कर लावता येतो का? सरसकट विक्रीकर चालतो, त्यावर फारसा वाद नाही. एकाच हक्काला वेगळं काढून लावलेला कर मात्र अडचणीत येतो. वृत्तपत्रस्वातंत्र्य हाही तिथे घटनेचा हक्क; तरी मिनेसोटा राज्यानं वृत्तपत्रांच्या कागदावर आणि शाईवर खास कर बसवला होता. 1983 मध्ये केंद्रीय सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला.

सिएटलमध्ये भांडण दुसऱ्याच मुद्द्यावर झालं. सिएटल ज्यात येतं त्या वॉशिंग्टन राज्यात शस्त्रांचं नियमन करण्याचा अधिकार राज्याचा. शहरांना तो नाही. म्हणून प्रश्न आला, हा कर आहे की कराच्या नावाखाली नियमन? 2017 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 8 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं: हा करच आहे. पैसा गोळीबारातल्या हिंसेवरच्या संशोधनासाठी आणि प्रतिबंधासाठी उभा करायचा आहे, त्यामुळे शहराला तो लावता येतो.

पैसा किती आला? शहराचा अंदाज वर्षाला 3 ते 5 लाख डॉलरचा होता. पहिल्या वर्षी जेमतेम 1 लाखाच्या आसपास जमले. कारण साधं आहे: शहराची हद्द ओलांडली की कर संपतो. एक दुकान तर शेजारच्या लिनवूड गावी हललं. गाडी असलेला गिऱ्हाईक हद्दीबाहेर जाऊन घेतो; बसनं फिरणारा शहरातच घेतो आणि कर भरतो. आमच्या मते या कराची सगळ्यात अन्यायाची बाजू हीच.

[दृश्य: शिकागो, इलिनॉय]

शिकागो ज्या कुक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येतं, तिथे बंदुकीवर 25 डॉलर 2013 पासून आणि काडतुसांवरचा कर 2016 पासून: सेंटरफायरला (बुडाच्या मध्यावर ठिणगी पडणारं काडतूस) 5 सेंट, रिमफायरला (बुडाच्या कडेवर ठिणगी पडणारं, बहुधा लहान काडतूस) 1 सेंट. इथे कर थेट गिऱ्हाइकावर. दुकानदार फक्त वसूल करून भरतो. ऑक्टोबर 2021 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही कर रद्द केले. दुसऱ्या दुरुस्तीला न्यायालयानं हातच लावला नाही. निकाल इलिनॉय राज्याच्या स्वतःच्या घटनेतल्या समान करआकारणीच्या कलमावर दिला: मूलभूत हक्कावर बोजा टाकणारा कर असेल, तर त्याचा उद्देश आणि पैशाचा विनियोग यांची सांगड घट्ट हवी. बंदुकीवरच्या कराचा पैसा बंदुकीच्या हिंसेसाठी राखलेलाच नव्हता. काडतुसांवरचा पैसा सार्वजनिक सुरक्षेच्या खात्यात जायचा, पण तोही नेमका या कामासाठी बांधलेला नव्हता.

पुढच्याच महिन्यात काउंटीनं कराचा आदेश, म्हणजे आपला स्थानिक कायदा, सुधारला. दर तेच ठेवले, पैसा हिंसा रोखण्याच्या कामाकडे वळवला. म्हणून असा कोणताही आदेश हातात आला, की दराचा तक्ता पाहून थांबू नका. जमा रक्कम कुठल्या खात्यात जाते ते कलम आधी वाचा. कोर्टात कर टिकतो की पडतो, ते बरंचसं त्या कलमावर ठरतं. स्वस्त खोका घेणाऱ्याचे अडीच डॉलर मात्र आदेश सुधारल्यावरही तेवढेच राहिले.