कापसाच्या खोलीतले रॅप

दारव्हा तालुक्यातल्या या घराची मागची खोली दिवाळीनंतर कापसाने पार आढ्यापर्यंत भरते, आणि त्याच दिवसांत घरातला तरुण मुलगा इथे रॅपचे ध्वनिमुद्रण करतो. भाव वाढेल म्हणून वडिलांनी थांबवलेला हा कापूस आवाजाचा घुमारा शोषून घेतो, हे या तरुणाला कोणी शिकवले नव्हते. खोलीच्या दारात फोनवर बोलताना स्वतःचा आवाज कोरडा आणि स्वच्छ वाटला, तेव्हा त्याने माइक आत नेला. अंगाला खाज सुटते, ते वेगळे.

बीट, म्हणजे शब्दांखालचा ताल आणि संगीत, तोच बनवतो, शब्द तोच लिहितो आणि म्हणतोही तोच. या सगळ्या कामात त्याने गुरू मानला तो रॅपर एमएफ डूम, म्हणजे १९७१ मध्ये लंडनला जन्मलेला आणि न्यू यॉर्कजवळ वाढलेला डॅनिएल डूमिले. धाकट्या भावासोबत काढलेल्या केएमडी या गटाचा पहिला अल्बम १९९१ मध्ये आला. १९९३ मध्ये भाऊ मोटारीच्या धडकेत गेला, आणि दुसरा अल्बम मुखपृष्ठावरच्या चित्राच्या वादात कंपनीने बाहेर येऊच दिला नाही. काही वर्षे अज्ञातवासात काढून तो परतला, तेव्हा त्याच्या तोंडावर स्टॉकिंग ओढलेले होते. पुढे धातूचा मुखवटा आला, १९९९ मध्ये ‘ऑपरेशन: डूम्सडे’ आला, आणि २००४ मध्ये बीट रचणाऱ्या मॅडलिबसोबतचा ‘मॅडव्हिलनी’, ज्याचे अनेक बीट मॅडलिबने ब्राझीलमधल्या हॉटेलच्या खोलीत एका लहानशा सॅम्पलरवर, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर, रचले होते.

मुखवट्याविषयी सगळेच बोलतात. या तरुणाला मात्र कापाकापीचे वेड आहे: जुन्या ध्वनिमुद्रणातला दोन सेकंदांचा तुकडा उचलायचा, त्याचा वेग उतरवायचा आणि तो फिरवत ठेवायचा. गावच्या भजनी मंडळाची खंजिरी त्याने मोबाइलवर टिपली. थापेच्या आधी कोणीतरी खोकले आहे, तो खोकला त्याने मुद्दाम ठेवला, आणि आमच्या मते त्या बीटचा जीव त्यातच आहे. यमकाची सोय वऱ्हाडीनेच करून ठेवली आहे. ‘काळा’ आणि ‘माया’ पुस्तकी मराठीत जुळत नाहीत; इथे ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘काया-माया’ बसल्या जागी जुळते.

डूम ३१ ऑक्टोबर २०२० रोजी गेला, ते जगाला ३१ डिसेंबरला कळले. ती बातमी त्याने याच खोलीत, कापसाला टेकून वाचली.

यंदा व्यापाऱ्याची गाडी आली, तेव्हा एक गाणे अर्धेच झाले होते. आठ दिवस थांबा, असे त्याने वडिलांना विनवले.

“तुह्या गान्यापाई नाई ठेवला म्या कापूस घरात,” वडील म्हणाले, “भाव नाई म्हून ठेवला.”

गाडी भरेपर्यंत त्याने माइक चालूच ठेवला. त्या फाइलमध्ये हमालांच्या हाका सुरुवातीला दबक्या येतात, आणि खोली रिकामी होत जाते तसतशा त्या घुमू लागतात.