म्हातारा परत आलाय, दार कोण उघडणार?

नमस्कार मंडळी, देवगडहून बोलतोय. आजचा विषय व्हॅम्पायर. काळा झगा आणि वटवाघळं आज बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते अशा कथांबद्दल, जिथे रक्त पिणारा घरातलाच असतो आणि घरातले सगळे ते ओळखून असतात.

पहिली कथा रशियन लेखक अलेक्सेई टॉलस्टॉयची, 'वुर्दालाकचं कुटुंब'. वुर्दालाक म्हणजे मेल्यावर उठून रक्त प्यायला येणारा माणूस, तिकडचा व्हॅम्पायर. लिओ टॉलस्टॉयचा हा दूरचा भाऊबंद. १८३९च्या सुमारास त्याने ती फ्रेंचमध्ये लिहिली, पण छापून आली तो गेल्यावर, १८८४ मध्ये, रशियन अनुवादात.

सर्बियातलं खेडं. गोर्चा नावाचा म्हातारा एका तुर्की दरोडेखोराच्या मागावर निघतो. निघताना मुलांना बजावतो, दहा दिवस वाट बघा. त्यानंतर आलो, तर कितीही विनवलं तरी घरात घेऊ नका, छातीत खुंटा ठोका. आणि येतो कधी? मुदत संपते त्याच घटकेला. वेळेत आला म्हणायचं की उशिरा? कुणालाच ठरवता येत नाही.

आता नीट ऐका. घरचा कुत्रा त्याला बघून भुंकायला लागतो. म्हातारा हुकूम सोडतो, गोळी घाला त्याला. थोरला मुलगा जागचा हलत नाही. धाकटा उठतो, डोळ्यांत पाणी असतं, बंदूक उचलतो आणि कुत्र्याला मारतो. माझ्या लेखी कथेतली सगळ्यात भयानक जागा हीच. अजून कुणाला चावा घेतलेला नाही, पण त्या घरात खरं सांगणारा एकच जीव होता, त्याला बापाच्या शब्दाखातर संपवलं.

पुढे नातू जातो. पुरलेलं ते पोर एका रात्री दाराशी येऊन रडतं, थंडी वाजते, आत घे. आईने त्याला मातीआड होताना पाहिलेलं असतं, तरी ती दार उघडते. मग ती जाते, मग तिचा दुसरा मुलगा, नवरा, दीर. टॉलस्टॉयने लिहिलंय की वुर्दालाकला जवळच्या नातलगांचंच रक्त जास्त आवडतं. म्हणून अशी कथा वाचताना मी दाराच्या कडीवर कुणाचा हात आहे, ते बघतो.

'ड्रॅक्युला'मध्येही, १८९७ ची कादंबरी, तेच सापडेल. ड्रॅक्युला जिचं रक्त पितोय त्या लूसीला वाचवायला खोलीत लसणीची फुलं ठेवलेली असतात. आईचं हृदय कमजोर, म्हणून तिला कुणी काही सांगितलेलं नाही. लेकीला मोकळी हवा मिळावी म्हणून ती फुलं काढते आणि खिडकी उघडते. किती मायेने करते ती हे! 'तिला त्रास नको' म्हणून गप्प बसलेली माणसंही त्यात तेवढीच सामील आहेत, असं मला वाटतं.

अॅन राइसच्या १९७६ च्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये तर लेस्टॅट नावाचा व्हॅम्पायर एक कुटुंबच तयार करतो. त्याचा व्हॅम्पायर साथीदार लुई सोडून जाईल म्हणून तो पाच वर्षांच्या क्लॉडियाला व्हॅम्पायर करतो, आणि आता आपल्याला मुलगी झाली म्हणतो. संसार मोडायला आला की मूल होऊ द्या, सगळं ठीक होईल, हा सल्ला आपण लग्नाघरात ऐकलेलाच आहे. क्लॉडियाचं मन बाईचं होतं, शरीर मात्र पाच वर्षांचंच राहतं. आईबापांच्या सोयीसाठी तिला मोठंच होऊ दिलेलं नाही. तिचा संताप मला पूर्णपणे पटतो.

आता आपल्याकडे या. कोकणातला समंध रक्त पीत नाही. त्याची वासना जमिनीत, पुरलेल्या धनात अडकलेली असते, आणि छळतो तो आपल्याच वंशाला. मग आपण देवळात गाऱ्हाणं घालतो, नारळ ठेवतो, त्याची समजूत काढतो. जिवंतपणी त्याने सुनेला कसं वागवलं, भावाचा हिस्सा कसा दाबला, हे मात्र त्या गाऱ्हाण्यात कधीच येत नाही. जिवंत असतानाही घरात एकच वाक्य असायचं, "मोठे आसत ते, तेंका कोण सांगतलो?"

सातबाऱ्यावर पंधरा नावं, बंद पडलेलं माजघर, गणपतीला मुंबईहून येणारे आणि एकमेकांशी न बोलता आरती म्हणणारे भाऊ. मराठीत व्हॅम्पायरची कथा लिहायची तर परदेशी किल्ल्याची गरजच नाही. सहीसाठी सगळ्यांना बोलावून घेणारा, पण स्वतः कधीच सही न करणारा एक आजा पुरे. आणि त्याच्या शब्दाखातर कुत्र्याला मारणारा एक आज्ञाधारक मुलगा. त्या मुलाच्या तोंडून कुणी ही कथा सांगितली, तर मला ती मनापासून वाचायची आहे.

वाचायला सुरुवात वुर्दालाकपासून करा, कथा एका बैठकीत संपते. मारिओ बावाच्या १९६३ च्या 'ब्लॅक सॅबथ' या चित्रपटामध्ये हीच गोष्ट आहे, गोर्चा बोरिस कार्लॉफने केलाय. २०२३ चा फ्रेंच चित्रपट 'ल वुर्दालाक' बघा, त्यात म्हातारा चक्क बाहुला आहे, आणि घरातले सगळे त्याच्याशी बाप म्हणूनच बोलतात. राइसची कादंबरी मात्र जपून हातात घ्या. तिची स्वतःची लहान मुलगी १९७२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली होती, त्यानंतर ती लिहिलेली आहे. ज्या घरात मूल गेलंय, त्यांनी क्लॉडियाचा भाग सोडून दिला तरी चालेल.