दिवाळीनंतरचा पट

(दृश्य: मांजरसुंबा–पाटोदा रस्ता. पहाट. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या.)

दिवाळी उरकली की बालाघाटाच्या रस्त्यांवर हे ट्रॅक्टर दिसायला लागतात. एकेका ट्रॉलीत तीन-चार बिऱ्हाडं. पत्र्याची पेटी, बाजरीची पोती, ताडपत्री, खुराड्यात कोंबड्या, एखादी शेळी, आणि या सगळ्यावर बसलेली लेकरं. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी. बीड जिल्ह्यातल्या या तालुक्यांत पुढचे चार-पाच महिने कितीतरी वाड्या-तांड्यांवर म्हातारीकोतारीच उरतात. बाकीचे ऊस तोडायला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी थेट बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवर.

ट्रॉलीवर बसलेली ही मुलं शाळेच्या पटावर मात्र गावातच आहेत.

(दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, एकीला कुलूप. फळ्यावर 'पट' आणि 'हजर' असे दोन रकाने.)

कोणत्या शाळेला किती शिक्षक मिळणार, हे महाराष्ट्रात संच मान्यतेत ठरतं. त्यासाठी पट धरतात तो 30 सप्टेंबरचा. अलीकडे त्यातही आधार पडताळणी झालेलीच मुलं मोजतात. सप्टेंबरअखेर ऊसतोड मजूर गावातच असतो. पोरं दप्तर घेऊन शाळेत येतात, खिचडी खातात, प्रार्थनेला रांगेत उभी राहतात. मोजणी होते, आकडा संगणकात चढतो, आणि महिना-दीड महिन्यात मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर दारात येतो.

आणखी एक मोजणी आठवा. 4 जुलै 2015 या एकाच दिवशी राज्यभर शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. घरोघरी, स्टेशनांवर, वीटभट्ट्यांवर शिक्षकांना पाठवलं. मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली. आकडा एवढा कमी निघाला की या क्षेत्रातल्या संस्थांनी त्यावर हरकत घेतली. हरकती पुष्कळ होत्या, पण आम्हाला सगळ्यात आधी खटकते ती तारीख. जुलैत कारखान्यांचं गाळप बंद असतं. उसाच्या फडावर त्या दिवशी शाई लावायला मूल सापडणार कुठून?

राज्यात महिनाभर सलग गैरहजर राहणारं मूल शाळाबाह्य धरतात. हा नियम डिसेंबरात फडावर नेऊन लावला, तर काय निघेल?

(दृश्य: उसाचा फड. पहाटेचा अंधार, बॅटरीचा उजेड. कोयत्याचा आवाज.)

इथे कामाला माणूस म्हणून कुणी धरत नाही, कोयता धरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडतो. बायको पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसा, मिळते ती जोडीला. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर राहिलेला पैसा पुढच्या सालावर चढतो.

मुलांच्या नावावर उचल नसते, काम मात्र असतं. दहा वर्षांची पोर कोपीवर, म्हणजे झोपडीवर, थांबते, धाकट्याला कडेवर घेते, लांबून पाणी आणते, दुपारपर्यंत भाकरी थापून ठेवते. तिच्याहून मोठा पोरगा वाढं गोळा करून पेंढ्या बांधतो. उसाच्या शेंड्याचा हा हिरवा पाला जनावरांना घालतात, विकतातही, आणि मजुराच्या हातात रोखीने पडणारा पैसा बहुतेक तेवढाच. शाळा हुकते ती इथे. कुणी मुलाला शाळेत जाऊ नको म्हणालेलं नसतं. धाकट्याला कुणी घ्यायचं, एवढाच प्रश्न असतो.

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की घोर वाढतो. गावात आजीजवळ ठेवावी तर जिवाला चैन नाही, फडावर न्यावी तर तिथे कोपीला दार नाही. मग लग्न उरकतात. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, आणि नव्या कोयत्याला उचल मिळते. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या दर दहा बायकांपैकी चारांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. शाळेच्या दाखल्यावर त्यांची नोंद गळती म्हणून होते.

1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. कष्टकऱ्यांची मुलं शाळेत का येत नाहीत, याचं कारणही त्यांनी तिथेच सांगितलं होतं. आईबापांना गुरं राखायला आणि शेतावर ती मुलं लागतात. देशभराची सक्ती कायद्यात यायला 1 एप्रिल 2010 उजाडला. त्या दिवसापासून 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. फुल्यांनी सांगितलेलं कारण अजून तसंच आहे, फक्त गुरांच्या जागी वाढं आलं.

(दृश्य: कारखान्याजवळची कोप्यांची वस्ती. दूर धुराडं.)

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देतात. ते घेऊन त्याने फडाजवळच्या शाळेत बसावं, अशी सोय आहे. पण टोळी आज या शिवारात, आठ-दहा दिवसांनी पलीकडच्या. शाळा तीन-चार किलोमीटरवर. कर्नाटकात गेलेल्या मुलासमोर तर कानडी फळा.

त्यापेक्षा हंगामी वसतिगृहांची कल्पना शहाणपणाची. मूल गावातच ठेवायचं, आजी-आजोबांजवळ झोपायचं, दोन वेळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीने द्यायचं. जिथे हे वेळेवर सुरू होतं तिथे पोरं खरोखर थांबतात. अडतं ते तारखेवरच. प्रस्ताव, तपासणी, मंजुरी, निधी या चक्रात अनेकदा दिवाळी निघून जाते, आणि मंजुरीचं पत्र येतं तेव्हा ट्रॅक्टर गेलेले असतात. बापाने भरवसा कुणाच्या शब्दावर ठेवायचा? मोठ्या मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं. पाचवीच्या आतल्या पोराचा मुक्काम मात्र अजून आजीच्याच जिवावर.

मुलींसाठी उपस्थिती भत्ताही आहे. 1992 पासून पहिली ते चौथीतल्या दारिद्र्यरेषेखालच्या आणि मागास घटकांतल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला 1 रुपया. योजना आली तेव्हा त्या रुपयाला निदान काही वजन होतं. आज वाढ्याची एक पेंढी त्याहून महाग जाते.

(दृश्य: वर्ग. एका खोलीत चार रांगा. शिक्षक दारात मोबाइल धरून उभे.)

आता गावात राहिलेल्यांकडे वळू. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी एकाच खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला दिली की तिसरीचा हातचा राहतो, चौथीला उतारा दिला की दुसरीत भांडण लागतं. त्यातच गुरुजींचा फोन वाजतो. आज किती मुलं जेवली, तो आकडा पोर्टलवर भरायचाय. कधी यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीची माहिती, कधी कुठल्या उपक्रमाचा फोटो, कधी मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिकवण्याबाहेरचं काम देऊ नका. ऑनलाइन माहितीला मात्र कुणी काम समजतच नाही.

देशात एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत. महाराष्ट्रात आठ हजारांच्या वर. अशा शाळेचे गुरुजी केंद्रावर मीटिंगला गेले की त्या दिवशी शाळा कोण चालवतं, याची चौकशी कुणी करू नये हेच बरं.

आणि मुलांना वाचता-मोजता येतं का हे तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाचा अहवाल आला की मथळे होतात. 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या 100 पैकी जेमतेम 23 मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. खापर लगेच शिक्षकावर फुटतं. काही शिक्षक त्या खापराच्या लायकीचे असतातही. पण दरवर्षी हंगामाला जाणाऱ्या पोराचा हिशेब करा. चार वर्षांत चौथी पास झालं, तरी ते वर्गात बसलंय दोन-अडीच वर्षं.

(दृश्य: वस्तीवरची छोटी शाळा. समोर ओट्यावर बसलेली आजी.)

2000 च्या आसपास वस्तीशाळा निघाल्या त्या मूल चालत येणार नाही म्हणून. शाळाच वस्तीवर गेली. 2023 च्या सप्टेंबरात वारं उलटं फिरलं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा प्रस्ताव मागवण्यात आला. अशा शाळा निघाल्या 14,783 आणि त्यांत 1,85,467 मुलं. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांची उदाहरणं पुढे केली गेली. मोठ्या शाळेत खेळगडी मिळतात, विषयाला शिक्षक मिळतो, हे खरंच आहे. पण पोराला ठेवून घ्यायला आजी तयार होते, कारण शाळा तिच्या ओट्यावरून दिसते. तीच शाळा बसने जायच्या अंतरावर गेली, तर साठीची म्हातारी सकाळी त्याला बसमध्ये बसवून संध्याकाळी वाट बघत उभी राहील, की सुनेला म्हणेल, 'ने बाई तुझं तुझ्याबरोबर'?

(दृश्य: मार्चअखेर. परतणारे ट्रॅक्टर.)

पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळ्या घराकडे वळतात. एप्रिलमध्ये परीक्षा असते. परतलेलं पोर पेपरला बसतं, गुण चढतात, मे महिन्याची सुट्टी लागते, आणि जूनमध्ये ते पुढच्या वर्गात असतं.

31 जानेवारीलाही एकदा पट मोजा, अशी सूचना सोपी वाटते. पण जानेवारीचा खरा आकडा लिहिला की त्याच शाळेचं एक पद जाईल, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक आहे. मग तो खरा आकडा लिहील कशाला? ती मोजणी संच मान्यतेपासून तोडायला हवी आणि हंगामी वसतिगृहाला जोडायला हवी. यंदाच्या जानेवारीत जितकी मुलं गेलेली सापडतील, तितक्यांची मंजुरी आणि धान्य पुढच्या ऑगस्टमध्येच शाळेत येऊन पडलं पाहिजे. मुकादम उचल वाटायला सुरुवात करतो, त्याच्या आधी.