‘नो ग्रोथ’ लिहिणारी माणसं

[दृश्य: बर्नरची निळी ज्योत. तारेचं लूप हळूहळू लाल होतंय.]

लूप लालभडक होईपर्यंत ज्योतीत धरायचं. मग थांबायचं, गार होऊ द्यायचं. घाई केली तर ज्यांना वाढवायचं तेच जंतू भाजून मरतात. नळीचं बूच टेबलावर ठेवायचं नाही, करंगळीत धरायचं. नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवायचं आणि प्लेटचं झाकण लागेल तेवढंच उचलायचं.

मायक्रोबायॉलॉजीच्या पदवीचं पहिलं वर्ष बरंचसं या हालचालींत जातं. पुस्तक रात्रभर वाचून पाठ होईल, हात मात्र महिन्यांनीच बसतो.

[दृश्य: प्लेटवर रेघा ओढणारा हात.]

याला स्ट्रीकिंग म्हणतात. एका कोपऱ्यात कल्चर, म्हणजे वाढवलेले जंतू, लावायचं, लूप जाळायचं, त्याच रेघांतून थोडंसं पुढे ओढायचं, पुन्हा जाळायचं. प्रत्येक टप्प्यावर जंतू विरळ होत जातात आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या रेघांवर सुट्या, गोल कॉलनी, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके, दिसतात. शुद्ध कल्चर मिळवायचं ते त्या सुट्या कॉलनीतून.

ही प्लेट ज्याच्या नावानं ओळखली जाते त्या ज्युलियस पेट्रीनं ती 1887 मध्ये मांडली. आतलं अगार, म्हणजे जंतूंचं खाद्य घट्ट करणारा पदार्थ, सुचवलं फॅनी हेसे यांनी, त्याआधी काही वर्षं. तेव्हा वापरात असलेलं जिलेटिन 37 अंशांवर वितळायचं आणि काही जंतू ते खाऊन पातळही करायचे. पेट्रीचं नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. फॅनी हेसे यांचं नाव अगारच्या बाटलीवर कुठेच नाही.

[दृश्य: स्लाइडवर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलची धार.]

जंतू रंगवून त्यांचे दोन गट पाडणारी 1884 ची ग्राम स्टेनिंगची पद्धत आजही पहिल्याच वर्षी शिकवतात. जाड भिंतीचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात. पातळ भिंतीच्यांचा रंग अल्कोहोलनं धुऊन जातो आणि नंतर लावलेल्या सॅफ्रॅनिननं ते गुलाबी होतात. सगळी गंमत त्या अल्कोहोलच्या काही सेकंदांत आहे. धार थोडी जास्त वेळ चालली तर जांभळेही गुलाबी दिसतात आणि अख्खं निदान चुकतं.

पुढे जीवरसायन, जनुकशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, विषाणूशास्त्र येतं. संख्याशास्त्रही येतं. त्याचा तास बुडवणारे पुढे नोकरीत हळहळतात, कारण जंतूंची मोजणी म्हणजे शेवटी आकडेच.

आता प्रश्न नोकरीचा. बाहेरच्या माणसाला वाटतं, हे लोक जंतू शोधतात. प्रत्यक्षात या क्षेत्रातल्या कितीतरी जणांचा दिवस जंतू नाहीत हे सिद्ध करण्यात जातो.

[दृश्य: पांढरा सूट, हातमोजे, मास्क. फक्त डोळे दिसतात.]

इंजेक्शनं बनवणाऱ्या कारखान्याची क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणारी, लॅब घ्या. औषधाचा नमुना दोन वेगळ्या मीडियात, म्हणजे जंतूंच्या खाद्यद्रवांत, घालून किमान 14 दिवस ठेवतात. द्रव स्वच्छ राहिला तर ‘नो ग्रोथ’. गढूळला तर चौकशी सुरू. जंतू औषधात होता, हवेतून आला, की चाचणी करणाऱ्याच्याच हातून गेला? म्हणून काम संपताना कामगाराच्या हातमोज्याची बोटं प्लेटवर टेकवून घेतात आणि ती प्लेटही इन्क्युबेटरमध्ये, जंतू वाढवणाऱ्या उबदार कपाटात, जाते. शिवाय प्रत्येक गोष्टीची नोंद. इथला कायदा एकच: लिहिलं नाही, म्हणजे केलं नाही. ज्यांना कागदपत्रांचा कंटाळा आहे, त्यांनी या वाटेला जाण्याआधी नीट विचार करावा.

अन्नाच्या लॅबमध्ये 25 ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला हा जंतू नको, पाण्याच्या लॅबमध्ये 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा जंतू नको. काम त्याच जातीचं.

[दृश्य: प्लेटवर अँटिबायोटिकच्या चकत्या, भोवती पारदर्शक वर्तुळं.]

रुग्णालयाच्या लॅबमध्ये मात्र जंतू सापडणं हाच निकाल असतो. लघवी, रक्त, थुंकी यांतून जंतू वेगळा करायचा, ओळखायचा आणि कोणतं अँटिबायोटिक त्याला थांबवतं ते पाहायचं. चकतीभोवतीचं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. कल्चर दाट पडलं तर वर्तुळ आक्रसतं आणि औषध निकामी असल्याचा भास होतो. रुग्ण तिकडे ताटकळत असतो, त्यामुळे इथे वेगही लागतो. एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी: बऱ्याच देशांत रुग्णाच्या रिपोर्टवर सही करायला नुसती विज्ञानाची पदवी पुरत नाही.

एन्झाइम आणि लसींसाठी जंतू वाढवणाऱ्या टाक्या (फर्मेंटर), सांडपाण्याची प्रक्रिया, जैविक खतं हेही रस्ते आहेत. संशोधनाचा रस्ता लांबचा. मास्टर्स, मग पीएचडी, आणि कितीतरी फसलेले प्रयोग. त्यातलं उपयोगी काय ठरेल हे आधी सांगता येत नाही. 1960 च्या दशकात थॉमस ब्रॉक यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या जंतूंचा अभ्यास करत होते, तो निव्वळ कुतूहलापोटी. तिथल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकसचं उष्णता सोसणारं एन्झाइम पुढे पीसीआर या डीएनएच्या प्रती काढण्याच्या तंत्राचा आधार झालं.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर जनुकीय अक्षरांच्या ओळी.]

निसर्गातले बहुतांश जंतू प्रयोगशाळेच्या मीडियावर वाढतच नाहीत. त्यांचा डीएनए थेट वाचावा लागतो. सांडपाण्याचे नमुने तपासून पोलिओच्या विषाणूवर नजर ठेवणाऱ्या गटांतही डीएनए वाचणारी यंत्रं पोचली आहेत. तिथे नमुना हाताळणारा स्वच्छ हात लागतो आणि हजारो ओळींच्या डेटातून अर्थ काढणारं डोकंही. म्हणून तिसऱ्या वर्षाला प्रोग्रॅमिंगचा ऐच्छिक विषय दिसला तर तो घ्यावा, आणि सुट्टीत एखाद्या चालू लॅबमध्ये इंटर्नशिप करावी, मग तिथे पहिले कित्येक दिवस नुसता मीडिया ओतावा लागला तरी.